काळ्या पट्ट्यांची बाजू

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस बोलावणे धाडले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू. आमचे उभे आयुष्य त्यातच गेले असल्यामुळे ती अपेक्षा रास्तच होती. आम्ही विषय कळवला तो असा : रुंद पडद्याच्या टीव्हीवर तबकडीवरील चित्र योग्य आकारात कसे पाहावे. चालकांपैकी एका गृहस्थांनी फोन करून विचारले, की हा विषय टीव्हीच्या दुकानदाराचा. तो कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा? त्याचे उत्तर पुढे ओघात येईल. तूर्त एवढेच सांगतो, की आमची शाळा आठवीत सुटली, पुढची विद्या फिटरच्या बाकावर मिळाली, आणि त्या बाकाने लावलेली एक सवय अद्याप गेलेली नाही. जॉब ड्रॉइंगप्रमाणे उतरला की नाही, हे डोळ्यांनी ठरवावयाचे नसते. मोजून ठरवावयाचे असते. ज्या कारखान्यात मापात शंभरात एक भाग फरक निघाला तर जॉब भंगारात जातो, त्याच कारखान्यातला माणूस घरी येऊन शंभरात तेहतीस भाग चुकलेले चित्र रोज रात्री तीन तास पाहतो आणि त्यास काही खटकत नाही. याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे.

तेहतीस हा आकडा आम्ही अंदाजाने लिहिलेला नाही. तो कोठून येतो, तेच प्रथम पाहू.

चित्राची रुंदी त्याच्या उंचीने भागली म्हणजे जो आकडा येतो, तो त्या चित्राचा आकार. जुन्या टीव्हीचा पडदा चार भाग रुंद आणि तीन भाग उंच असे. त्याचा आकडा १.३३. आजचा रुंद पडदा सोळा भाग रुंद आणि नऊ भाग उंच. त्याचा आकडा १.७८. जुन्या आकाराचे चित्र नव्या पडद्यावर काठोकाठ ताणून बसवले, तर ते नेमके एकतृतीयांशाने रुंद होते. उंची तीच राहते. म्हणजे माणूस वाढत नाही, नुसता पसरतो. सायकलचे चाक अंड्यासारखे होते, पौर्णिमेचा चंद्र भाकरी थापताना हात निसटावा तसा लांबट होतो, आणि सडपातळ नायिका लग्नानंतर दहा वर्षांनी भेटावी तशी दिसू लागते.

आता कोणी म्हणेल, की मग सगळ्यांनी एकच आकार का धरला नाही? त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या तंत्रज्ञाने ३५ मिलिमीटर रुंदीची फीत वापरात आणली आणि कडेच्या चार छिद्रांच्या उंचीएवढी एक चौकट धरली. तो आकार ४:३ होता. पुढे बोलपट आला, ध्वनीच्या पट्टीसाठी फितीवर जागा सोडावी लागली, आणि १९३२ मध्ये अमेरिकेतल्या अॅकॅडमीने १.३७ हा आकार मुक्रर केला. जुन्या आकाराशी त्याचा फरक इतका थोडा, की नजरेस कळूही नये. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा आणि आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. हे आमचे चित्रपट त्याच चौकोनी घराण्यातले. टेलिव्हिजन निघाला तेव्हा त्यानेही सिनेमाचाच ४:३ आकार उचलला. मुंबईला दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये चित्र रंगीत झाले, पण आकार तोच राहिला.

याच टेलिव्हिजनमुळे सिनेमा रुंद झाला, ही गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत लोक घरी बसून फुकट चित्र पाहू लागले, थिएटरे ओस पडू लागली. तेव्हा घरी जे मिळणार नाही ते आम्ही दाखवू, असे म्हणून सिनेमावाल्यांनी पडदा आडवा ताणला. १९५२ मध्ये तीन प्रोजेक्टर लावून सिनेरामा आला. १९५३ मध्ये 'द रोब' या चित्रपटाने सिनेमास्कोप आणला. त्यातली युक्ती फार सोपी होती. आन्री क्रेत्यें या फ्रेंच प्राध्यापकाने १९२० च्या दशकातच एक भिंग तयार केले होते. ते कॅमेऱ्याला लावले की रुंद दृश्य बाजूंनी दाबले जाऊन साध्या ३५ मिलिमीटर फितीवर मावे, आणि प्रोजेक्टरला उलटे भिंग लावले की ते पुन्हा पसरे. फितीवरची माणसे काठीसारखी बारीक, पडद्यावर मात्र जशीच्या तशी. एका ठिकाणी घडी घालावयाची आणि दुसऱ्या ठिकाणी ती उलगडावयाची, एवढाच तो मामला. ही घडीची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तबकडीचे सारे रहस्य तिच्यात आहे.

आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप चित्रपट गुरुदत्त यांचा 'कागज के फूल', १९५९ चा. छायालेखक व्ही. के. मूर्ती. आरशांनी सूर्याचा प्रकाश वळवून रिकाम्या स्टुडिओत सोडलेला त्यांचा झोत ज्यांनी पाहिला असेल, ते तो विसरणार नाहीत. त्या ओसाड स्टुडिओत नायक आणि नायिका एकमेकांपासून दूर उभी आहेत आणि मधली मोकळी जागा हेच त्या दृश्याचे दुःख आहे. आता हेच चित्र चौकोनी पडद्यावर भरून दाखवा म्हटले, तर दोघांपैकी एकास कापावे लागते, किंवा मधल्या जागेचे चित्र दाखवून दोघांनाही घालवावे लागते. पुष्कळ रुंद चित्रपटांचे टीव्हीवर वर्षानुवर्षे असेच झाले. चौकट रुंद चित्रावरून इकडून तिकडे सरकवीत नेण्याच्या या पद्धतीला पॅन अँड स्कॅन म्हणतात. मूर्ती यांना पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. छायालेखकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. कारागिराचा सत्कार करावयाचा आणि घरी बसून त्याच्या कामाची एक बाजू कापून पाहावयाची, हा व्यवहार आम्हांस पटत नाही. विषय आमचा का, याचे अर्धे उत्तर हे झाले.

सिनेमा रुंद झाल्यावर त्याच्या मागोमाग टीव्हीही रुंद व्हावयास निघाला. परंतु किती रुंद? सिनेमाचे आकार तोवर अनेक झाले होते : जुना १.३३, युरोपातला १.६६, अमेरिकेतला १.८५, सत्तर मिलिमीटरचा २.२० आणि सिनेमास्कोपचा २.३५. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनेमा-टेलिव्हिजन इंजिनिअरांच्या संस्थेत कर्न्स पॉवर्स नावाच्या तज्ज्ञाने ही गाठ सोडवली. त्यांनी या सर्व आकारांचे सारख्याच क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि मध्यबिंदू जुळवून एकावर एक ठेवले. सगळे आयत ज्या बाहेरच्या चौकटीत मावतात तिचा आकार, आणि सगळ्यांच्या पोटात जो समाईक भाग पडतो त्याचा आकार, दोन्ही एकच निघाले : जवळजवळ १.७७. हिशोब करून पाहावयाचा असल्यास १.३३ ला २.३५ ने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. तोच आकडा येतो. त्यातून १६:९ जन्मास आले.

आम्ही आजवर पुष्कळ करारांवर सह्या केल्या. असा चोख करार क्वचितच पाहिला. १६:९ हा मुळात कोणाचाच आकार नव्हता. तो जुन्या चौकोनी चित्रात आणि आडव्या सिनेमास्कोपमध्ये झालेला समझोता आहे, आणि त्यात दोन्ही पक्षांनी जवळजवळ सारखेच सोडले आहे. चौकोनी चित्र या पडद्यावर उंचीने पूर्ण बसते आणि डावीउजवीकडे मिळून पडद्याचा चौथा हिस्सा काळा राहतो. सिनेमास्कोप रुंदीने पूर्ण बसतो आणि वरखाली मिळून चौथ्या हिश्श्याहून किंचित कमी भाग काळा राहतो. १.८५ चे चित्र आले तर वरखाली बोटभर पट्ट्या दिसतात, त्यांची कोणी तक्रारही करू नये. या काळ्या पट्ट्या म्हणजे त्या कराराची कलमे आहेत. त्या टीव्हीचा दोष नाहीत आणि तबकडीचाही नाहीत.

तथापि, पडद्याचे पैसे आपण मोजले, मग तो भरलेला का नको, ही भावना मोठी प्रबळ असते. आमच्या संघटनेच्या वाचनालयात सभासदांची पहिली तक्रार हीच असते : "साहेब, टीव्ही त्रेचाळीस इंची घेतला आणि चित्र मधेच एवढेसे येते, फसवले काय आपल्याला?" यावर आमचे सांगणे असे, की आकाराबाहेरचा पडदा भरावयाचा म्हटले तर मार्ग दोनच : चित्र ताणा, नाहीतर कापा. तिसरा मार्ग पट्ट्यांचा, आणि चौथा मार्ग कोणत्याही इंजिनिअराने अद्याप काढलेला नाही. ताणण्याचा परिणाम वर सांगितलाच. कापावयाचे म्हणजे रिमोटवरचे झूम दाबावयाचे. चौकोनी चित्रपट झूम करून पडदा भरला, तर चित्राचा एक अष्टमांश वरून जातो आणि एक अष्टमांश खालून. 'संत तुकाराम'च्या अखेरीस विमान वर जाते. त्या दृश्याला वर आकाश हवे असते. तेथे झूम दाबणे म्हणजे विमानाला छत घालणे. शिवाय तळाशी भाषांतराच्या ओळी असतील तर त्या पहिल्याच कापल्या जातात. आणि इंचांचाच हिशोब करावयाचा असेल तर तोही पाहा. त्रेचाळीस इंची रुंद पडदा सुमारे साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच असतो. त्यावर चौकोनी चित्र योग्य आकारात घेतले, तर ते अठ्ठावीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच बसते; म्हणजे जुन्या भाषेत पस्तीस इंची टीव्ही झाला. आमच्या चाळीत एकवीस इंची टीव्हीसमोर तीस माणसे बसत. यात फसवणूक कोठे झाली?

ताणण्याचाच एक चोरटा प्रकार आहे, त्याबद्दल सावध करणे जरूर आहे. पुष्कळ संचांत वाइड झूम किंवा तशाच दुसऱ्या नावाखाली अशी सोय असते, की चित्राचा मधला भाग जवळजवळ जसाच्या तसा राहतो आणि फक्त कडा ताणल्या जातात. मध्यभागी उभा असलेला माणूस बरा दिसतो, म्हणून पाहणारा फसतो. पण मोटार डावीकडून उजवीकडे गेली म्हणजे शिरताना लांब, मध्यावर आखूड आणि जाताना पुन्हा लांब होते. क्रिकेटच्या सामन्यात ठीक. सिनेमात हे पाहून डोके दुखते.

आता तबकडीकडे वळू. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात प्रथम विक्रीस आली. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर प्रत्येक चित्र ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ठिपके उंच असते. एनटीएससी पद्धतीत उंची ४८०. आपल्याकडे दोन्ही प्रकारच्या तबकड्या मिळत आल्या आहेत. मौज अशी, की चित्र चौकोनी असो वा रुंद, ठिपक्यांची संख्या बदलत नाही. रुंद चित्र असेल तर ते बाजूंनी दाबून, म्हणजे क्रेत्यें यांच्या भिंगाप्रमाणे घडी घालूनच, त्याच ७२० ठिपक्यांत बसवतात. म्हणूनच अशा तबकडीला ॲनामॉर्फिक म्हणतात. आणि सोबत तबकडीवर एक खूण नोंदलेली असते : हे चित्र ४:३ चे, किंवा हे १६:९ चे. ती खूण वाचून घडी उलगडणे हे पुढच्या यंत्रांचे काम.

यंत्रे दोन : तबकडी वाजवणारा प्लेअर आणि टीव्ही. सगळा घोटाळा येथे होतो, कारण घडी उलगडण्याचे काम एकानेच करावयाचे असते. दोघांनी केले तरी बिघडते, कोणीच केले नाही तरी बिघडते. ज्यांनी दोन पाळ्यांत एकच काम अर्धे टाकून जाणारे कामगार पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप किंवा टीव्ही डिस्प्ले असे एक कलम असते आणि तेथे बहुधा तीन पर्याय दिसतात : ४:३ पॅन स्कॅन, ४:३ लेटरबॉक्स आणि १६:९. हा प्रश्न तबकडीविषयी नसून घरातल्या टीव्हीविषयी आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. टीव्ही रुंद असेल तर तेथे १६:९ च ठेवावे. मग तबकडी कोणतीही घाला. जुन्या टीव्हीबरोबर घेतलेला प्लेअर नव्या टीव्हीला जोडला आणि हे कलम ४:३ लेटरबॉक्सवरच राहिले, तर काय होते पाहा. प्लेअर समजतो, टीव्ही चौकोनी आहे. तो रुंद चित्राची घडी स्वतःच उलगडतो, वरखाली काळ्या पट्ट्या घालतो आणि ५७६ ओळींचे चित्र ४३२ ओळींत दाबून पुढे पाठवतो. टीव्ही समजतो, रुंद चित्र आले. तो ते पुन्हा ताणतो. वरखाली पट्ट्याही आहेत आणि माणसेही जाडी, असे दृश्य दिसले तर रोग हाच. मग पाहणारा झूम दाबतो. आकार सुधारतो खरा, परंतु ४३२ ओळींचे चित्र मोठे केल्यामुळे सगळे धूसर होते आणि लोक म्हणतात, डीव्हीडीत काही राम नाही. तिच्यातल्या १४४ ओळी आपणच वाटेत टाकून दिलेल्या असतात.

प्लेअर १६:९ वर ठेवला म्हणजे रुंद तबकड्यांचा प्रश्न मिटतो. चौकोनी तबकडी लावली की टीव्हीचे काम उरते. रिमोटवर ॲस्पेक्ट, पिक्चर साइज, वाइड असे काही नावाचे बटण असते. ते दाबीत ४:३ वर यावे, आणि दुसरे दिवशी रुंद चित्रपट लावताना १६:९ वर परत जावे. ऑटो किंवा ओरिजिनल असा पर्याय असल्यास कधी कधी टीव्ही खूण ओळखून आपणच बदलतो. पण प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींनी जोडलेला असेल तर ती खूण टीव्हीपर्यंत बहुधा पोचत नाही, आणि हातानेच बदलावे लागते. एचडीएमआय वायरीची तऱ्हा निराळी. प्लेअर चित्र मोठे करून १०८० ओळींत पाठवू लागला की तो नेहमी रुंद चौकटच पाठवतो. अशा वेळी चौकोनी चित्राच्या बाजूंना पट्ट्या घालण्याचे काम प्लेअरनेच केले पाहिजे. काही प्लेअर ते करतात, काही सांगितल्याशिवाय करत नाहीत. सेटअपमध्ये पिलरबॉक्स किंवा १६:९ नॉर्मल असा पर्याय शोधावा. तो नसेल आणि टीव्हीही त्या अवस्थेत ४:३ वर जाण्यास नकार देत असेल, तर प्लेअरचे रिझोल्यूशन उतरवून ५७६ वर आणावे, म्हणजे टीव्ही पुन्हा ऐकू लागतो. ब्ल्यू-रे तबकडीला हा व्याप नाही. तिच्यावर चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचे, घडी न घातलेले असते. जुना चौकोनी चित्रपट असेल तर बाजूच्या पट्ट्या तबकडीवरच छापून येतात. तेथे टीव्ही १६:९ वर ठेवून गप्प बसावे.

एक पोटभेद सांगितलाच पाहिजे, कारण आपल्याकडच्या स्वस्त तबकड्यांत, एकीवर तीन-तीन चित्रपट कोंबलेल्यांत, तो फार आढळतो. चित्रपट रुंद, पण तबकडी ४:३ ची, आणि वरखालच्या पट्ट्या चित्रातच भरून टाकलेल्या. व्हीसीडी तर सगळ्या याच जातीच्या; त्यांच्यात १६:९ ची सोयच नाही आणि सारे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. अशी तबकडी रुंद टीव्हीवर ४:३ मध्ये लावली, की चारी बाजूंनी काळी चौकट आणि मधे पोस्टाच्या तिकिटासारखे चित्र. झूमचे बटण मुळात याच प्रसंगासाठी दिलेले आहे. येथे झूम दाबल्याने कापल्या जातात त्या फक्त काळ्या पट्ट्या. चित्र मात्र मऊ दिसेल; सिनेमास्कोपचा चित्रपट असा आला तर पालच्या ५७६ ओळींपैकी प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला जेमतेम ३२७ ओळी येतात. त्याला इलाज नाही.

आकार बरोबर आहे की नाही, हे डोळ्यांवर सोडू नये. डोळा फार लवकर सवय करून घेतो; अर्ध्या तासात जाडी माणसे नेहमीची वाटू लागतात. त्यासाठी टेप लावावा. चित्रपटात एखादी गोल वस्तू समोरून दिसेल तेथे चित्र थांबवावे : भिंतीवरचे घड्याळ, पूर्ण चंद्र, बैलगाडीचे चाक, समोर धरलेले ताट. वस्तू तिरपी नको आणि अगदी कडेलाही नको. टेपने तिची रुंदी आणि उंची मोजावी. रुंदी उंचीच्या सव्वापट-दीडपट यांच्या मध्ये, म्हणजे सुमारे एकतृतीयांशाने जास्त आली, तर चौकोनी चित्र ताणले गेले आहे. उंची तेवढीच जास्त आली, तर रुंद चित्राची घडी कोणी उलगडलीच नाही. दोन्ही सारखी आली की टेप गुंडाळावा. नव्या संचांत आणखी एक खोड असते. काचेच्या नळ्यांच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड लपत, म्हणून चित्र थोडे मोठे करून दाखवण्याची पद्धत होती. सपाट पडद्याला त्याची गरज नाही, तरी कित्येक संच अजून कडा कापतात. जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल असे काही नाव मेनूत सापडले तर ते चालू करावे.

आता त्या अर्ध्या राहिलेल्या उत्तराकडे येतो. आमच्या संघटनेचे एक जुने कार्यकर्ते होते. १९९४ साली कारखान्याच्या दारात त्यांनी बेमुदत उपोषण केले. त्याचे चित्रण कोणा सभासदाच्या भावाने व्हिडिओ कॅसेटवर केले होते; पुढे आम्ही ते डीव्हीडीवर उतरवून घेतले. ते गेले तेव्हा शोकसभेसाठी एक सभागृह भाड्याने घेतले, आणि तेथे भिंतीवर भला मोठा रुंद टीव्ही होता. तबकडी लावली. उपोषणाच्या बाराव्या दिवसाचे चित्र. अंथरुणावर पडलेले आमचे ते नेते अंगाने चांगले भरलेले दिसत होते; गाल वर आलेले, दंड भक्कम. मागच्या बाकांवर नव्या भरतीची पोरे होती. त्यांतला एक हलकेच म्हणाला, "उपोषण बरंच मानवलेलं दिसतंय." दोघे-तिघे हसले. पुढच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्या मागे वळल्या नाहीत, आम्हांला जवळ बोलावून एवढेच म्हणाल्या, "भाऊ, हे असे नव्हते हो. अंगावर मूठभर मांस राहिलं नव्हतं त्यांच्या."

आम्ही सभागृहाच्या माणसाकडून रिमोट मागून घेतला आणि पिक्चर साइज तीनदा दाबले. चित्र बाजूंनी आत आले. गालांची हाडे दिसू लागली, मनगट दिसू लागले, गळ्यातला सैल झालेला तो ताईत दिसू लागला. सभागृहात कोणी बोलले नाही. मघाचा तो पोरगा सभा संपल्यावर खुर्च्या उचलावयास थांबला. त्याला आम्ही काही म्हटले नाही, कारण त्याने जे पाहिले होते त्यावरून तो बोलला होता.

व्हिडिओ कॅसेटवर चित्रित झालेली आपली लग्ने, बारशी, सभा, मोर्चे, गेलेल्या माणसांचे चालणे-बोलणे, हे जवळजवळ सगळे ४:३ आहे. चित्रपट कंपनीने नीट छापलेल्या तबकडीवर निदान खूण तरी असते. घरी किंवा गल्लीतल्या स्टुडिओत उतरवून घेतलेल्या तबकडीची खात्री देता येत नाही. कोणी कोणी ती उतरवतानाच पडदा भरावा म्हणून ताणून ठेवतात. कॅसेट उतरवण्यास देताना कागदावर लिहून द्यावे : चित्र ४:३ च ठेवणे, ताणू नये, कापू नये. मूळ कॅसेट परत घ्यावयास विसरू नये.

पट्ट्यांनी पडदा खराब होतो काय, असेही विचारतात. प्लाझ्मा पडद्यांच्या काळात ही भीती अगदीच निराधार नव्हती. कायम काळा राहिलेला भाग आणि उजळ भाग असमान झिजत. आज घरोघरी असलेल्या एलईडी-एलसीडी पडद्यास पट्ट्यांनी काही होत नाही.

काही प्रकरणी मात्र रिमोटचा इलाज चालत नाही, तेही सांगतो. अनेक चित्रपट पूर्ण चौकोनी चौकटीवर चित्रित करून थिएटरात वरखाली झाकून रुंद दाखवले जात. टीव्हीसाठी ती झाकणे काढली की चित्र जास्त दिसते, आणि पाहणाऱ्यास वाटते आपला फायदा झाला. वस्तुतः दिग्दर्शकाने तो भाग दाखवण्यासाठी घेतलेलाच नसतो. कधी तेथे नायिकेच्या डोक्यावर लोंबणारा मायक्रोफोनही दिसतो. जास्त माल म्हणजे चांगला माल नव्हे, हे आपण रेशनच्या दुकानात शिकलो आहोत. याच्या उलट, जुने चौकोनी चित्रपट नव्याने छापताना वरखाली कापून १६:९ करण्याची चाल पडली आहे. वेष्टनावर रुंद पडद्यासाठी तयार केलेला असे मोठ्या अक्षरांत लिहितात आणि गिऱ्हाईक खूष होतो. तबकडीवरच कापले गेलेले चित्र कोणत्याही बटणाने परत येत नाही. अशा वेळी त्याच चित्रपटाची जुनी, कमी चकचकीत तबकडी मिळाली तर ती जपावी. १९५५ च्या आधीचा हिंदी किंवा मराठी चित्रपट रुंद पडदा काठोकाठ भरून आणि माणसे सडपातळच ठेवून दिसला, तर आनंद मानू नये. वरून आणि खालून काही गेले आहे असे समजून डोक्यांवरची जागा पाहावी. कपाळे आणि पागोटी कापलेली दिसतात.

वाचनालयात आमच्याकडे तीनेकशे तबकड्या आहेत. दुकानांत त्या आता पूर्वीसारख्या मिळत नाहीत, म्हणून मागणी उलट वाढली आहे. गेल्या दिवाळीपासून रविवारी सकाळी दोन सभासद आणि आम्ही मिळून एकेक लावून, गोल वस्तू शोधून, टेपने मोजतो आणि डब्यावर चिठ्ठी लावतो. चिठ्ठ्या तीनच प्रकारच्या : '१६:९ ठेवा', '४:३ ठेवा', '४:३ आत पट्ट्या, झूम करा'. कापलेल्या निघाल्या त्यांच्यावर चौथी, लाल शाईची. निम्म्याहून अधिक झाल्या आहेत. 'संत तुकाराम'च्या डब्यावर '४:३ ठेवा' अशी चिठ्ठी आहे, आणि तिच्याखाली सभासदांपैकी कोणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे : 'झूम दाबू नये, विमान अडकते.'